पारड्यावरचा हात

गोरेगावच्या बाजारात माणिकराव तराजू-काटे दुरुस्त करतात. त्यांची लेक जान्हवी दुकानामागच्या खोलीत कॉम्प्युटरवर तारे तपासते. हे कळलं की लोक हात पुढे करून भविष्य विचारतात. मी शेजारचा शिलाईवाला. मीही एकदा विचारलं आणि तिची बोलणी खाल्ली.

तिचं काम बापाच्याच वळणाचं. श्वेत बटू म्हणजे संपलेल्या ताऱ्यांचे हळूहळू निवणारे गाभे. त्यांतल्या काहींचा प्रकाश किती असायला हवा ते गणिताने काढता येतं, म्हणून ती आकाशातली प्रमाण वजनं. मोठ्या दुर्बिणी जास्त उजेडाने दिपतात, त्यामुळे मंद तारेच लागतात, आणि ते स्थिर, म्हणजे प्रकाश न बदलणारे, असावे लागतात. तसे निवडून जान्हवी एका संशोधन गटाला पाठवते. मग लाखो दीर्घिकांचा प्रकाश त्यांच्यावरून मोजायचा.

परवा दुपारी ती पांढराफटक चेहरा घेऊन दुकानात आली. तिने स्थिर ठरवलेल्या एका ताऱ्याचा प्रकाश कमीजास्त होतो, असं तिला दुसऱ्या दुर्बिणीच्या नोंदींत दिसलं होतं.

"असं कसं झालं?" माणिकरावांनी विचारलं.

"पारडं हलत असलं की तुमी वजन वाचत न्हाई, अण्णा. थांबता. मी बी तेच केलं. इकडंतिकडं गेलेले आकडे ढगामुळं आले समजून काढून टाकले. उरलेले बराबर जुळले. पण तो ताराच हलता होता."

"कोणाला म्हाईत हाय?"

"कोणालाच न्हाई. सांगितलं तर काम जाईल. इथं बसून असं काम परत कोण देणार?"

मला तर वाटलं, गप्प बसावं. कापड चुकलं तर उसवता येतं, हे कसं उसवायचं? पण तिने तिथूनच गटाच्या प्रमुख प्रेमाताईंना स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"बाकीचे तारे?" प्रेमाताईंनी हळूच विचारलं.

"तसेच निवडलेत, ताई."

त्या म्हणाल्या, "सगळे पुन्हा तपास. एकही आकडा काढू नकोस. तुझ्या कामाचं नंतर बघू."

तिने लॅपटॉप गल्ल्यावरच आणला. पहिल्या ताऱ्याच्या प्रकाशाचे ठिपके, दर मोजणीला एक, एका रेषेत उमटू लागले. मग एक बराच खाली पडला.

"ढग असंल," ती पुटपुटली आणि तिचं बोट आकडा काढून टाकायच्या बटणाकडे गेलं. ढगच असावा असं मलाही मनापासून वाटत होतं, आणि त्या वाटण्याचीच भीती वाटली.

माणिकराव गिऱ्हाइकांना दिवसभर जे सांगतात, तेच लेकीला म्हणाले, "पारड्यावरचा हात काढ, बाई."

जान्हवीने दोन्ही हात मांडीवर घेतले. पुढचा ठिपका आला. तोही खालीच होता.