मध्यंतर नसलेला सिनेमा

मी भित्री आहे. लहानपणी घरात मला भित्री भागूबाईच म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, मलाही नाही. पाल दिसली की मी पलंगावर, ढग गडगडले की आईच्या पदराखाली. आता पन्नाशी उलटली, लंडनजवळ इल्फर्डच्या ऑफिसात चार माणसांना मी दम देते, पण घरात एकटी असले तर जिन्यातला दिवा अजूनही चालू ठेवते. नवरा चिडवतो. चिडवू दे.

तरी सिनेमा म्हटला की मी एका पायावर तयार. हे वेड बाबांचं. बाबा पुण्यात फ्रेंच शिकवत आणि खुनाच्या गोष्टींवर त्यांचा जीव. सभ्य बापलोक मुलींना बालनाट्याला नेत, आमचे बाबा मला गळे दाबण्याच्या सिनेमांना नेत. आई म्हणायची, "अहो, पोरगी झोपेत ओरडते!" त्यावर बाबांनी एक तोडगा काढला होता. काहीतरी भयंकर होणार असं दिसलं की ते माझ्या कानाशी म्हणत, "मीट डोळे. मी सांगितल्याशिवाय उघडायचे नाहीत." मी तळहातांनी डोळे गच्च झाकायची. मग किंकाळी, धावपळ, काय काय आवाज यायचे, आणि सगळं शांत झालं की माझ्या गुडघ्यावर बाबांची दोन बोटं वाजत. "संपलं. उघड." बाबांनी कधी मला घाईने उघडायला लावले नाहीत, आणि सांगायचं विसरले असं तर एकदाही झालं नाही.

आई गेल्यावर बाबा इकडे आमच्याकडे राहायला आले, आणि दुसऱ्याच हिवाळ्यात त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग वार. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलं तेव्हा बाबा त्यांना हसून "थँक यू" म्हणाले. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेले ते दोन बस स्टॉप पलीकडच्या पार्कात सापडले, दुधाच्या पैशांची मूठ तशीच आवळलेली. तेव्हापासून त्यांना एकटं बाहेर सोडणं बंद. बाबा कुठेतरी हरवतील ही भीती मी सगळ्यांना सांगायची. दुसरी एक होती, ती कुणालाच सांगत नव्हते. एक दिवस बाबा माझ्याकडे बघतील आणि त्यांना मी कोण ते कळणार नाही.

आमच्याकडच्या एका छोट्या थिएटरात म्हाताऱ्या मंडळींसाठी दुपारी जुने सिनेमे लावतात. तिकिटात चहा-बिस्किट. बसमधून जाताना बाबांना तिथलं पोस्टर दिसलं आणि ते सीटवरून अर्धे उठले. "अगं, ही कादंबरी मी शिकवलीये!" जुना, ब्लॅक अँड व्हाइट फ्रेंच सिनेमा होता, त्याच कादंबरीवरून काढलेला. घरी येईपर्यंत बाबांनी अख्खी गोष्ट सांगितली. बंदराच्या गावातलं लहानसं हॉटेल, नवरा-बायको ते चालवतात. रात्री एक पाहुणा येतो, सकाळी खोली रिकामी. बायको शपथेवर सांगते की कुणी आलंच नव्हतं. मग एक इन्स्पेक्टर येतो आणि काहीही न विचारता नेमकी तीच खोली भाड्याने घेऊन राहतो. त्या दिवशी सकाळी बाबांनी मला आई कुठेय हे तीनदा विचारलं होतं, आणि इथे हॉटेलच्या खोलीतल्या पडद्याचा रंगसुद्धा त्यांना आठवत होता. "आणि शेवट?" मी विचारलं. "शेवट सांगणं पाप आहे," बाबा म्हणाले. मी इतकी खूश झाले की ऑफिसात लगेच हाफ डे टाकला.

त्या दुपारी हॉलमध्ये फार माणसं नव्हती. आम्ही कडेच्या सीटवर बसलो, बाबा भिंतीकडे, म्हणजे मी न उठता ते बाहेर पडू शकणार नाहीत असं माझं डोकं. सिनेमा सुरू झाला आणि बाबा खुलले. "पुस्तकात असं नाहीये. पुस्तकात बायको आधी बोलते." पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. मी बाबांना चूप केलं, पण मनात म्हटलं, बोला हो, कितीही बोला.

सिनेमाला पार्श्वसंगीत जवळजवळ नव्हतंच, आणि त्यानेच जास्त घाबरायला होत होतं. हॉटेलवाल्याच्या रेनकोटमधून जिन्यावर पाणी टपकतंय, तो एकेक पायरी चढतोय, वर खोलीत इन्स्पेक्टर पाठमोरा बसलाय. बाबा माझ्याकडे झुकले. "मीट डोळे," ते म्हणाले. या वयात मी खरंच डोळे मिटले, वरून हात ठेवले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पायऱ्या वाजत राहिल्या. कुठेतरी धाडकन दार आपटलं आणि मानेवरून थंड वाऱ्याचा झोत गेला. काटा आला अंगावर. मनात म्हटलं, काय बाई हे जुने लोक सिनेमे काढत, वारासुद्धा अंगाला लागतो! मग झटापट, मग काहीतरी फुटलं, मग शांतता. मी बोटांची वाट बघत बसले. पडद्यावर कुणीतरी कॉफीत साखर ढवळायला लागलं तरी गुडघ्यावर काही वाजेना. मी एक डोळा किलकिला केला. शेजारची सीट रिकामी होती. बाबांचा कोट तेवढा पाठीवर टांगलेला.

अंगातलं रक्त गोठतं म्हणतात ते माझं पायांपासून गोठत आलं. टॉयलेटला गेले असतील म्हणून मी उठले, पण मला न ओलांडता गेले कुठून? फोन लावला, तर तो त्या कोटाच्या खिशातच वाजायला लागला, मोठ्ठ्याने. "श्शूऽऽ" चारी बाजूंनी. कोट उराशी धरून मी बाहेर पळाले. पुरुषांच्या टॉयलेटमध्ये शिरले, हो, शिरले, आणि प्रत्येक दार ढकललं. कुणी नाही. तिकिटाच्या काउंटरवर एक वयस्क गोऱ्या बाई चहाचे कप लावत होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "माझ्यासमोरून कुणीच गेलं नाही, लव्ह." सिनेमातली हॉटेलवालीसुद्धा असंच म्हणत होती.

मी त्यांचं न ऐकता रस्त्यावर गेले. इथे हिवाळ्यात संध्याकाळ दुपारीच उरकून टाकतात, त्यात बारीक पाऊस. बसेस, डिलिव्हरीच्या बाइक, छत्र्या, आणि त्यात कुठेही पांढरं डोकं दिसलं की माझा जीव तिकडे धावायचा. शर्टावर आहेत ते, नुसत्या शर्टावर! गणपतीला साकडं घातलं. बाप्पा, एवढ्या वेळी बाबा सापडू दे, परत कधी डोळे मिटणार नाही. नवऱ्याला फोन केला, तो ट्रेनमध्ये, आवाज तुटत होता, मी त्याच्यावरच खेकसले. काउंटरच्या बाई मागून आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पोलिसांना कळवू या का?" पोलीस म्हटल्यावर मला रडूच फुटलं.

"चहा आणते, साखर घालून," त्या म्हणाल्या. "सिनेमा तर निम्माच झालाय, ते असे मध्येच जातील कुठे?"

निम्मा! माझ्या डोक्यात लख्ख झालं. सिनेमा निम्मा झाला की बाबा उठतात, जन्मभर उठत आले. मध्यंतर! इथल्या सिनेमांना मध्यंतर नसतं हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की मी विसरूनच गेले होते, आणि बाबांना ते कधी ठाऊकच नव्हतं. आमच्या पुण्याच्या थिएटरात मध्यंतर झालं की कडेची दारं उघडत, बाहेर अंगणात बटाटेवड्याची गाडी असे. बाबा मला सीटवर बसवून जात आणि घंटा व्हायच्या आत कागदात दोन वडे घेऊन येत. आणि ते धाडकन आपटलेलं दार! तो वारा सिनेमातला नव्हताच.

मी अंधारात परत आत धावले. आमच्या रांगेपलीकडे भिंतीत इमर्जन्सीचं दार होतं, वर हिरवा दिवा. मी भिंत बघितली होती आणि त्यातलं दार नाही, अशी मी हुशार. दांडा ढकलला. मागचं अंगण. कचऱ्याचे मोठे बिन्स, शेजारच्या चिकनच्या दुकानाचा मागचा दरवाजा, आणि पत्र्याच्या इवल्याशा आडोशाखाली उभे बाबा. शर्ट खांद्यांवर भिजलेला, ओठ निळसर. दुकानातल्या कुणीतरी दिलेला गरम चिप्सचा, म्हणजे तळलेल्या बटाट्याचा, डबा त्यांनी छातीशी धरला होता, गार होऊ नये म्हणून वर तळहात.

"बाबा!" मी कोट त्यांच्या अंगावर टाकला, त्यांना घट्ट धरलं. सापडले.

बाबांनी हलकेच स्वतःला सोडवून घेतलं. "अहो, जरा दार धरून ठेवा हं," ते म्हणाले. "हे बाहेरून उघडत नाही. मघापासून ठोठावतोय." मग डबा दाखवून हसले. "वडे संपलेत वाटतं. हेच मिळालं."

अहो. बाबांनी मला कधीच अहो म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांची नजर माझ्यावरून सभ्यपणे सरकून दाराच्या आत गेली.

"माझी मुलगी आत एकटीच आहे हो," ते म्हणाले. "डोळे मिटून बसली असेल. भारी भित्री आहे. मी सांगितल्याशिवाय उघडत नाही ती. घंटा झाली का?"

"अजून नाही," मी कसंबसं म्हटलं. "चला. सोडते तुम्हाला."

मी त्यांना हात धरून आत आणलं. त्यांनी तो धरू दिला, एखाद्या ओळख नसलेल्या बाईने रस्ता ओलांडून द्यावा तसा. आमच्या रांगेपाशी ते थांबले आणि माझी रिकामी सीट बघून त्यांचा चेहरा जो झाला, तो मी विसरणार नाही. थोड्या वेळापूर्वी माझा झाला होता, अगदी तोच.

"इथेच होती," बाबा म्हणाले. "आत्ता इथेच बसवून गेलो होतो. अहो, माझी मुलगी कुठे गेली?" त्यांचा आवाज चढला. पुढच्या बाई पुन्हा वळल्या. इतका घाबरलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता, आणि तो माझा बाप होता आणि मला शोधत होता.

काय सांगणार? मीच ती, म्हणून सांगू? मी त्यांना बाजूने ओलांडून माझ्या सीटवर जाऊन बसले. डोळे मिटले. वरून दोन्ही तळहात गच्च ठेवले, लहानपणी ठेवायची तसे.

शेजारची सीट करकरली. चिप्सचा आणि ओल्या शर्टाचा वास आला. पडद्यावर कुणीतरी धावत होतं, बाई ओरडत होती, बंदरावरचा भोंगा वाजत होता. मग हळूहळू सगळं शांत झालं आणि माझ्या गुडघ्यावर दोन बोटं वाजली. गारठलेली होती.

"संपलं गं," बाबा म्हणाले. "उघड."

मी उघडले नाहीत. हात काढले असते तर त्यांना पन्नाशीची एक अनोळखी बाई दिसली असती. माझ्या आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नाही. बाबांनी पुन्हा दोनदा बोटं वाजवली, आणि मी तशीच बसून राहिले.