कंदील जळत होता

मी भित्रा आहे हे आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ झालं आहे. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीतून पायाला प्लास्टर घालून मी गावी आलो, तेव्हापासून घराची चांगली करमणूक चालली होती. नव्या खोलीत स्लॅबखाली मला झोप येईना, म्हणून माझी खाट अंगणात. कुणाकडे चहाला गेलो की बसायच्या आधी मान वर करून छताकडे बघायचं. एकदा काठीने आमचाच स्लॅब ठोकून बघत होतो, तर धाकट्या भावाने पाहिलं आणि सगळ्या आळीत सांगत सुटला, "आमचा भाऊ घर इकत घेतोय, ठोकून बघतोय." सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

ठोकून बघणं ही आमची खाणीतली रीत. जमिनीखाली कोळसा काढला की डोक्यावर जे छत उरतं, ते काठीने ठोकत ठोकत पुढे जायचं. आवाज खणखणीत आला तर चालायचं. भद्द आला तर मागे सरायचं आणि आधी आधार लावायचा. मी आधार लावणाऱ्या टोळीत होतो. पण छत दर वेळी खरं बोलेलच असं नाही. त्या दिवशी आवाज ठीक आला होता, आणि थोड्याच वेळात एक दगड सुटून माझ्या पायावर आला. मी "आई गं" म्हणून ओरडलो. त्या ओरडण्यावर माझा जोडीदार धावला. एकदा छत पडलं की पुन्हा ठोकून बघितल्याशिवाय त्याखाली पाऊल टाकायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये आम्ही दोघं एकाच बाकावर बसून शिकलो होतो. पण तो धावलाच. दुसरा दगड त्याच्यावर आला. माझा पाय मोडला, आणि तो गेला.

घरी मी फक्त दगडाचं आणि पायाचं सांगितलं होतं. जोडीदाराबद्दल बोलायला गेलो की मी पाणी मागायचो आणि विषय बदलायचो. शिवाय आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते लगेच म्हणाले असते, सोड ती नोकरी. म्हणून ते टाळलं आणि लोकांच्या घरांची छतं बघत राहिलो.

पायाचं प्लास्टर निघालं आणि त्याच सुमारास आमच्या विहिरीचं काम निघालं. आमच्या पारनेर तालुक्यात उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला की ती आणखी खोल करायची, हे ठरलेलं. काठावर दगड वर ओढणारी यारी उभी राहिली. सुरुंगाची भोकं पाडायला कॉम्प्रेसर बसवलेला ट्रॅक्टर आला. मी लंगडत लंगडत जाऊन बाभळीखाली बसायचो. खाली उतरायची माझ्यावर वेळ नव्हती, तरी सुरुंग उडाला की माझे दोन्ही हात आपोआप डोक्यावर जायचे. यारीवरची माणसं ते बघून एकमेकांना खुणा करायची.

त्या दिवशी सकाळी विहिरीत पाणी साठलेलं होतं. लाईट गेलेली, मोटर बंद. म्हणून धाकट्याने शेजाऱ्याचं पेट्रोलवर चालणारं लहान इंजिन आणलं. पण विहीर खोल, काठावर ठेवलं तर ते पाणी ओढेना. मग यारीच्या लोखंडी टोपल्यात घालून ते आत मधल्या टप्प्यावर उतरवलं. विहिरीच्या भिंतीला तिथे बैलगाडीएवढी रुंद पायरी सोडलेली आहे. इंजिन तिथे भकभक करत चाललं. बरंच पाणी उपसून झाल्यावर आपोआप बंद पडलं. धूर दिसेनासा झाला आणि धाकटा खाली उतरायला निघाला.

दादांची एक जुनी पद्धत आहे. विहिरीत माणूस उतरायच्या आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर हवा वाईट, जळत राहिला तर चांगली. त्यांच्या वडिलांनी त्यांना हे शिकवलं, आणि त्यामुळे आमच्या घरातलं कुणी विहिरीत दगावलं नाही, याचा त्यांना अभिमान आहे. त्यांनी कंदील सोडला. तो टप्प्यावर जाऊन टेकला आणि शांत जळत राहिला.

"जळतोय," दादा म्हणाले. "हवा चांगली हाय. उतर."

मी उठून काठाशी गेलो. "दादा, ह्या कंदिलावर जाऊ नका. हवा संपली असंल तरच त्यो इझतो. इंजिनाच्या धुरातला गॅस येगळा. त्याला वास न्हाई, रंग न्हाई. त्यात दिवा जळत ऱ्हातो अन् माणूस आडवा पडतो. आमाला शिकिवलंय खाणीत. कॉम्प्रेसरचा पाइप सोडा खाली, थोडा येळ हवा मारा, मग उतरू द्या."

"भाऊ," धाकटा म्हणाला, "आता इहिरीलाबी ठोकून बघतो का?"

यारीवरची माणसं खो खो हसली. मी पुन्हा सांगायला गेलो, तर माझा आवाज कापायला लागला. झालं, आणखीच हशा पिकला. दादा हसले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला हसण्यापेक्षा जास्त लागली. आपला थोरला असा झाला, असं त्या नजरेत होतं. "तू बस जाऊन सावलीला," ते म्हणाले.

धाकट्याने काठावर चपला काढल्या. विहिरीत आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, असतात; पायात वहाण घालून कुणी उतरत नाही. हळदीकुंकू लावलेल्या दगडाला हात जोडून तो भिंतीतल्या लोखंडी कड्या धरत खाली गेला. मी पालथा पडून डोकं आत काढलं. तो टप्प्यावर पोचला, त्याने इंजिनाला हात लावला आणि वर बघून ओरडला, "लई तापलंय." मग पाइप सोडवायला वाकला. सरळ झाला आणि म्हणाला, "गरगरतंय जरा." आणि इंजिनाला टेकून खाली बसला.

मी हाक मारली. दादांनी हाक मारली. हूं नाही की चूं नाही. त्याची मान छातीवर पडली होती आणि एक पाय टप्प्याच्या कडेवरून खाली लोंबत होता. त्याच्या शेजारी कंदील जळत होता.

दादांनी धोतराचा काचा मारला आणि चपला भिरकावल्या. त्यांचा पाय पहिल्या कडीवर गेला होता तेव्हा मी त्यांना मागून मिठी मारली आणि दोघंही काठावर उताणे पडलो. ते साठीच्या पुढचे, पण अंगात अजून बैल आवरायची ताकद. त्यांनी कोपराने माझ्या बरगडीत मारलं, मान ओरबाडली. "सोड, भ्याडा! माझं पोरगं हाय त्यो!"

"मीबी तुमचंच पोरगं हाय, दादा. ऐका माझं. तुमी गेला तर दोघं जाताल."

यारीवरचा एकजण दोरी धरून उतरायला निघाला. मी त्याला शिवी हासडून थांबवलं आणि ट्रॅक्टरवाल्याला ओरडून सांगितलं, कॉम्प्रेसर चालू कर, पाइप सोड, त्याच्या तोंडापाशी. तो नुसता बघत उभा होता. मघाशी हसणाऱ्यांत हाही होता. मी पुन्हा ओरडलो तेव्हा त्याचे हात हलले.

भीती काय असते ते मी खाणीत शिकलो असं मला वाटायचं. तसं नव्हतं. खाणीत दगड पडला तेव्हा घाबरायला वेळच मिळाला नव्हता. इथे वेळच वेळ होता. माझा भाऊ मला दिसत होता, त्याच्या सदऱ्याचा रंग दिसत होता, आणि मी त्याच्याकडे जात नव्हतो. माझं सगळं अंग खाली उडी मारायला बघत होतं. दादांना मी धरलं होतं असं लोक सांगतात, पण मी मलाच धरलं होतं. आणि डोक्यात एकच, की मी चुकत असेन तर? हा चक्कर येऊन पडलेला असेल आणि माझ्या भित्रेपणापायी तो वर यायच्या ऐवजी मरत असेल तर? दादा आता मारत नव्हते. माझ्या मिठीत बसून ते धाकट्याला लहानपणीच्या लाडाच्या नावाने हाका मारत होते. तो आवाज मला सहन होत नव्हता.

पाइप फुसफुसत खाली गेला. टप्प्यावर धूळ उडाली. आणि कंदील विझला. विषात मजेत जळत होता, तो आमच्या चांगल्या हवेच्या झोताने विझला. दादांनी ते पाहिलं. त्यांच्या घशातून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

हवा भरपूर मारून झाल्यावर मी यारीच्या टोपल्यात बसलो. माझा पाय अधू, पण दुसऱ्या कुणाला मी उतरू देणार नव्हतो. कमरेला दोरी बांधून घेतली आणि बजावलं, मी हाकेला ओ दिली नाही तर मला वर ओढा, खाली कुणी यायचं नाही. टोपलं खाली जायला लागलं तसे माझे दात वाजायला लागले. दोन्ही बाजूंनी सुरुंगाने फुटलेली भिंत वर सरकत होती. सवयीने मी तिच्यावर मूठ आपटली. आवाज काय आला ते पाइपच्या फुसफुसाटात कळलं नाही. मी देवाचं नाव घेतलं की आईचं, ते आठवत नाही. धाकट्याला काखेत धरून टोपल्यात ओढलं तेव्हा त्याचं अंग गरम होतं, एवढं आठवतं. पाइपचं तोंड त्याच्या नाकापाशी धरून मी वर ओरडलो, "ओढा!"

नगरच्या दवाखान्यात त्याला ऑक्सिजनवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर आणायची गरज नव्हती. दिवस मावळायच्या सुमाराला त्याने डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला, "माझ्या चपला इहिरीवरच ऱ्हायल्या का?" मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून रडलो.

दादा तिथेच बाकावर बसले होते. माझ्या मानेवरचे त्यांच्या नखांचे ओरखडे ते बघत होते. मग म्हणाले, "असं धरून ठिवायला कुठं शिकला तू?"

मग मी सांगितलं. छत, दगड, माझं ओरडणं, जोडीदाराचं धावत येणं, सगळं. या वेळी मी पाणी मागितलं नाही.

"त्याला कुणी धरलं न्हाई?"

"तिथं आमी दोघंच हुतो, दादा."

"बाप हाय त्याला?"

"हाय. खाणीजवळच गाव हाय. मी न्हाई गेलो अजून. मी दवाखान्यातच हुतो, अन् नंतर..." त्याच्या बापाच्या दारात उभं राहायचं मी टाळत आलो होतो.

धाकटा घरी आला. अधूनमधून त्याचं डोकं दुखतं, बोलता बोलता शब्द विसरतो, पण शेतात जातो. माझ्या खाटेशेजारी त्याने स्वतःची खाट आणून टाकली आणि का टाकली ते मला विचारू दिलं नाही. माझी रजा संपली. पाय चालण्याजोगा झाला होता. हलकं काम देऊ, असा खाणीतून निरोप होता.

निघायच्या दिवशी दादा मला सोडायला पारनेरच्या एसटी स्टँडवर आले. खांद्यावर पिशवी होती. माझ्यासाठी बाजरी घेतली असेल असं मला वाटलं. गाडी लागली तसे ते माझ्याआधी चढले आणि खिडकीपाशी बसले.

"तुमी कुठं?"

"तुझ्याबरं. पयलं मला त्याच्या बापाकडं ने."

विहिरीत उतरताना वाटलं नव्हतं एवढं भ्या मला वाटलं. "दादा, मी तिथं काय बोलू?"

"तू नको बोलू. मी सांगंन. म्हनंन, तुमचं पोरगं माझ्या पोरासाठी धावलं. अन् माझं पोरगं धावलं न्हाई, म्हून माझी दोन्ही ऱ्हायली. ते ऐकून त्यो मला हाकलून देईल. देऊ दे."

गाडी सुरू झाली. दादांनी माझं मनगट पकडलं, मी त्यांना काठावर पकडलं होतं तसंच घट्ट. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मलाबी भ्या वाटतंय रं."

नगर येईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.