घरचीच मराठी

"मराठी घे ना! घरचीच भाषा आहे, फुकटचे मार्क आहेत," आमचे हे म्हणाले, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

बारावीनंतर मुलीला दिल्लीच्या कॉलेजात इतिहास शिकायचा होता. दुसरं काही सुचतच नव्हतं तिला. त्यासाठी कॉम्प्युटरवर प्रवेशपरीक्षा द्यायची, आणि तिच्यात एक पेपर भाषेचा. पोरगी रायपूरच्या हिंदी शाळेत शिकलेली, हिंदीत हुशार. सरळ हिंदी घ्यायची की नाही? पण रेल्वेच्या ऑफिसात दिवसभर 'भैया, भैया' करणाऱ्या माणसाला अचानक मराठीचा पुळका आला. "हिंदी तर पाऱ्या-मोहल्ल्यातले सगळेच पोट्टे घेतील. तुले मराठी येते, काहून सोडून राहिली?" पोरीनंही 'हव बाबा' म्हणत होकार दिला. घरात आम्ही तिघं मराठीतच बोलायचो, त्याचा तिला भारी अभिमान. मैत्रिणींसमोर मला मुद्दाम मराठीत हाका मारायची.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं शहराच्या टोकाला, भनपुरीला केंद्राच्या फाटकाबाहेर ट्रकांची धूळ खात बसलो होतो. हे खुशीत. मी मनात म्हणत होते, होऊन जाऊ दे बाई एकदाचं. ती बाहेर आली तीच पांढरीफटक. पाणी पुढं केलं, घेतलं नाही.

"आई, 'शिक्षा' का मतलब क्या होता है?"

"सजा," मी म्हटलं.

"मैंने 'शिक्षण' पे टिक किया."

ती हिंदीत बोलतेय हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. 'चेष्टा'चा अर्थ तिनं 'प्रयत्न' धरला होता. हिंदीत तोच होतो, पोरीचं काय चुकलं? आमच्या घरी थट्टेला मजाक म्हणतात आणि शिक्षेला सजा. पुढं शुद्ध वाक्य ओळखायचं होतं. 'तो अभ्यास करून राहिला आहे' ह्यावर तिनं बेधडक टिक केलं. का नाही करणार? तिचा बाप असाच बोलतो, मी अशीच बोलते, अमरावतीला माझी आई जन्मभर अशीच बोलली. उत्तरं आली तेव्हा ते चूक निघालं. चूक म्हणे! मग माझी आई काय जन्मभर मुकी होती? असा संताप झाला की त्या दिवशी भाजी करपली तरी मी तशीच वाढली.

निकालात बाकीचे विषय छान होते, भाषेनं घात केला. दिल्लीच्या यादीत तिचं नाव लागलं नाही. हे न जेवता खोलीत जाऊन बसले आणि खरं सांगते, मला त्यांची दयासुद्धा आली नाही. पोरगी भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आई, तुम लोगों ने जो सिखाया ना, वो मराठी है ही नहीं."

बाहेरच्या कुणी म्हटलं असतं तर चांगलं फाडून खाल्लं असतं मी. पोटच्या पोरीला काय बोलायचं?

आता ती इथल्याच कॉलेजात जाते. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. तेव्हापासून मी टीव्हीवरच्या बायांसारखं नीट बोलायला लागले, म्हणजे निदान तिला खोट काढता येऊ नये. ह्यांना हसू येतं. येऊ दे.

परवा ती तापानं फणफणली होती. मी कपाळावर हात ठेवून विचारलं, "तुला बरं वाटत नाहीये का?"

तिनं डोळे उघडले. "आई, ऐसे मत बोल ना. अपना वाला बोल."

मी जवळ सरकले. "काय होऊन राहिलं..." म्हणाले, आणि 'तुले' ओठांवर आलं. पण त्याच क्षणी मनात आलं, हे चूक तर नाही? मी अडखळले.

तिनं ते पाहिलं. "हव, रहने दे," म्हणाली आणि कूस बदलली.