कशाची क्षमा?

तात्यासाहेब चौगुल्यांनी धर्म सोडला त्याला चाळीस वर्षं झाली. धर्मवाल्यांनी मात्र त्यांना काही सोडलं नाही. शाहूपुरीत खिळे-बिजागऱ्यांचं दुकान, घर वरच्या मजल्यावर. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाणं नाही, उपास नाही. उलट पर्युषणाच्या उपासांत दुकानाच्या दारात बसून कांदाभजी खायचे. असला हट्टी माणूस!

पर्युषण सरलं की जैनांच्यात एकमेकांची क्षमा मागायचा दिवस येतो. हात जोडायचे, 'उत्तम क्षमा' म्हणायचं, वर्षाची चूकभूल मिटली. तात्यासाहेबांना त्याची भारी चीड. पुतण्या पारस दरवर्षी यायचा आणि दरवर्षी सापडायचा.

"काका, उत्तम क्षमा."

"कशाची?"

"काय चुकलं असंल त्याची."

"मग काय चुकलं ते सांग की! घाऊक क्षमा हितं मिळत न्हाय."

बायकोनं, सुरेखाबाईंनी, हात जोडले तरी हेच. ती बिचारी मान खाली घालून स्वयंपाकघरात जायची.

यंदा उन्हाळ्यात सुरेखाबाईंची डावी बाजू गेली. वाचाही गेली. तेव्हापासून अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची, सगळं तात्यासाहेबांकडं. माणूस पार पिचून गेला. दुसरा कुणी 'कर्माचे भोग' म्हणून उसासा टाकून मोकळा झाला असता. ह्यांना तेवढीही सोय नव्हती. नुसतं दमायचं, झालं.

क्षमेचा दिवस आला तसा पारसही आला. हात जोडून, डोळे मिटून म्हणाला, "काका, उत्तम क्षमा."

"बस. चहा घे," तात्यासाहेब म्हणाले. पारस बघतच राहिला.

तो गेल्यावर तात्यासाहेब खाटेपाशी बसले. बायको कधी डोळा मिटेल ह्याचा भरवसा नव्हता, आणि त्याआधी तिची क्षमा मागायची होती. पण ते दोन शब्द जिभेवर येईनात. जन्मभर दुसऱ्यांना अडवलं, आता घाऊक मागायची कुठल्या तोंडानं? मग बसले एकेक सांगत.

"तुझी आई आजारी हुती, तवा मी तुला माहेरी धाडलं न्हाय."

सुरेखाबाईंनी उजव्या हाताची बोटं हलवली. पुढं.

"तुझ्या उपासाला हसलो."

पुढं.

"आपल्या पोरीच्या लग्नात चारचौघांत तुझ्यावर वसकन ओरडलो."

पुढं. तात्यासाहेब उगीचच चादर सारखी करत बसले. आपण कशाला वळसा घालतोय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"शिखरजी," शेवटी ते म्हणाले.

जन्मात एकदा तो तीर्थाचा डोंगर चढावा, ही तिची एकच हौस. गल्लीतल्या सगळ्या बायका निघाल्या होत्या, हिचीही बॅग भरून दारात ठेवलेली. "माझ्या घरातलं कुणी जाणार न्हाय," तात्यासाहेब म्हणाले होते. तिनं मुकाट्यानं बॅग रिकामी केली आणि पुन्हा कधी नाव काढलं नाही.

"धर्म मी सोडला हुता, सुरेखा. तुझी वाट अडवणारा मी कोण? तवा पाय हुतं तुझं. आता..." म्हातारा हुंदके देऊन रडायला लागला.

बोटं थांबली. मग तिचा उजवा हात हळूहळू उचलून छातीशी आला आणि तिथंच डाव्याची वाट बघत राहिला. डावा गादीवर पडून होता.

तात्यासाहेबांनी आपला तळवा तिच्या तळव्याला लावला. एक हात तिचा, एक ह्यांचा. 'कशाची?' म्हणून विचारायचं त्यांना ह्या खेपेला सुचलंच नाही.