नानांचा अर्धा ट्रक

नानांना जळगावच्या हवेशी काही देणंघेणं नव्हतं. मे महिन्यात आम्ही घामाने निथळत असायचो आणि नाना खुर्ची ओढत विचारायचे, "आखातात वादळबिदळ नाही ना?" गंधकाची जहाजं तिथून निघतात. नाना धुळ्याचे, गंधकाचे दलाल. मी जळगावला केळी-कापसासाठी गंधकाचं दाणेदार खत बनवणाऱ्या छोट्या कारखान्याची खरेदी बघते.

भाव ते कधीच थेट सांगत नसत. आधी आखाताचा, मग चीनच्या बंदरांचा, शेवटी आपल्या गुजरातच्या रिफायनरीचा. घाई केली तर म्हणायचे, "गंधकाची भावकी मोठी. आधी थोरल्यांच्या घरी जायचं, मग आपल्या."

चीनमध्ये नववर्षाची सुट्टी लागली की तिथली खरेदी थंडावते आणि भाव बसतो. त्या सणाची वाट नाना आखाजीसारखी बघत. त्यांच्यामुळे आम्हा सगळ्या खरेदीदारांनाही ती सवय लागली होती. गेल्या वर्षी सण आला, गेला, भाव काही उतरला नाही. इंडोनेशियातले निकेलचे कारखाने आम्लासाठी मिळेल तो गंधक उचलत होते. आखाताने भाव चढवला, मागोमाग गुजरातनेही. पेरणी तोंडावर आली. रिफायनरी पूर्ण ट्रकच देते आणि त्या भावाने पूर्ण ट्रक आम्हाला झेपणारा नव्हता. यंदा यंत्र बंद ठेवू, असं मालकांनी ठरवलं. पॅकिंगच्या बायकांना ते सांगायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या धंद्यात कोण किती माल घेतो हे दुसऱ्याला कळू देत नाहीत. ट्रक आला की आधी फाटक लागतं. नाना दोन्ही जिल्ह्यांत फिरायचे, पण इकडचं तिकडे कधी केलं नाही. त्या आठवड्यात मात्र ते धुळ्याच्या कारखानदारालाच घेऊन आले. आमचा हा जुना प्रतिस्पर्धी माझ्यासमोर बसला आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. मीही फाइल उघडली. नाना वैतागले.

"बठ्ठासनं दुखनं एकच शे, मंग दवाखाना येगळा कसाले?"

दुखणं सगळ्यांचं एकच, तर त्यांच्या मते औषधही एकच: एक ट्रक, निम्मा निम्मा. मी हिशेबी बाई. म्हटलं, नाना, यात तुमची एक दलाली गेली, आणि पुढे आम्ही परस्पर ठरवू, तुम्हाला विचारणारही नाही.

"यंत्रं बंद पडल्यावर मी काय रेतीचा भाव सांगत फिरू?"

निम्मा माल धुळ्यात उतरला, निम्मा आमच्याकडे आला. मी वजन करून घेतलंच, बरोबर भरलं. हंगामभर यंत्र चाललं. पॅकिंगची एकही बाई घरी बसली नाही.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर नानांनी दलाली सोडली. आता ते जामनेरला लेकीकडे असतात.

या आठवड्यात भाव पुन्हा हलला. मी फोन उचलणार तोच धुळ्याच्या त्या कारखानदाराचा फोन आला.

"ताई, चोपड्याचे एक जण विचारताहेत. तिघांत घ्यायचा का ट्रक?"

मी विचारलं, "त्यांना माल कधी लागतोय?"