लिंबाखाली पुरलेली गाठ

नांदुऱ्याला गाडीतून उतरले, तिथून धामणगाव बढ्याला घरी पोहोचले आणि चपला काढायच्या आधीच विचारलं, गाठीचा रिपोर्ट कुठाय? मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, छातीला पट्टी बांधून खाटेवर पडलेली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मोठे बाबा, माझे थोरले काका, म्हणाले, आधी चहा तर घे. चहा होईपर्यंत त्यांच्याकडूनच सगळं कळलं.

डॉक्टरांनी स्तनातली गाठ काढून औषधाच्या पाण्यात घातली आणि बरणी मोठ्या बाबांच्या हाती दिली, लॅबमध्ये तपासायला नेऊन द्या म्हणून. आमच्याकडे बाळंतपणातली वार हळदकुंकू वाहून पुरतात. मोठ्या बाबांना वाटलं, अंगातून निघालेलं हेही मातीतच गेलं पाहिजे. त्यांनी घरामागच्या शेतात लिंबाखाली ती पुरून टाकली होती.

माझं टाळकंच सरकलं. अहो, मी पुण्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर दुसरं करते काय? स्तनात मूळ पेशी असतात, स्टेम सेल. बाळंतपणात दुधाच्या ग्रंथी वाढतात त्या त्यांच्या जोरावर. त्यांच्यातलीच एखादी बिघडली की काही कर्करोग सुरू होत असावेत, असा संशय आहे. गाठ काढली तरी तशी एखादी पेशी दडून राहिली तर आजार पुन्हा उठतो, वरवर खुरपलेल्या कुंद्याच्या तणासारखा. आणि गाठ कुठल्या प्रकारची हे कळल्याशिवाय पुढचं औषध ठरत नाही. हे सगळं मी ओरडूनच सांगितलं.

"पुरलेलं उकरत नाईत, पोरी," मोठे बाबा म्हणाले. उकरलं तर रोग घरात परत येईल, ही त्यांची भीती. डोळे भरले होते त्यांचे. पण मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. बरणीतलं औषध ओतून तर दिलं नाही ना, हे विचारायची मात्र हिंमत होईना. ओतलं असेल तर गाठ सडली, म्हणजे सगळंच संपलं.

मोठी आई उठली. पट्टीवर हात दाबून धरला, पायात चपला सरकवल्या.

"गाठ तुमच्या आंगातली होती का?" तिनं नवऱ्याला विचारलं, आणि शेताकडे चालू लागली.

मोठ्या बाबांनी खाली मान घालून जागा दाखवली. मी खुरप्यानं माती ओढत गेले. झाकण लागलं. घट्ट होतं. आत औषध तसंच, गाठ तशीच.

मोठ्या आईनं बरणी मागून घेतली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"हे परत येईन का?"

खोटं बोलायचं मनात आलं. मग म्हणाले, माहीत नाही, मोठी आई. आम्हीही अजून तेच शोधतोय.

तिनं बरणी पदरानं पुसून माझ्या हातात दिली.

"रिपोर्ट आला का पह्यले मले सांगजो," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे मान वळवली. "यायले नाही."