एक हात आडवा, एक हात उभा

आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीखाली एक छोटी खोली आहे. त्या खोलीत मिठाच्या पाण्यापासून क्लोरीनचं पाणी तयार करणारं यंत्र आहे. ते यंत्र माझ्यामुळे बंद पडलं होतं. हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली, म्हणून आधी तेच लिहून टाकते.

आमचं गाव तेरच्या पुढे. एस.टी.नं धाराशिव तास-सव्वा तासावर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आई चौथी शिकलेली. यंत्र बसवलं तेव्हा ते चालवायचं काम बचत गटाला मिळालं, पण विजेचं यंत्र म्हणून गटातली एकही बाई पुढे येईना. आई म्हणाली, "म्या बघते. मीठ, पाणी अन् बटन. सैपाकाहून अवघड काय असंल?"

आणि खरंच तिनं ते सैपाकासारखंच शिकून घेतलं. पिंपात बोअरचं पाणी घ्यायचं, खडेमीठ टाकून ढवळायचं आणि ते पाणी नळीनं यंत्राच्या डब्यात सोडायचं. डब्यात समोरासमोर दोन पट्ट्या होत्या, एक काळी आणि एक स्टीलची. बटण दाबलं की प्रवाह दाखवणारा वरचा काटा चढायचा, पट्ट्यांमध्ये फेस यायचा आणि खोलीत दवाखान्यासारखा वास सुटायचा. ते पाणी टाकीत गेलं की सगळ्या गावाचं पाणी शुद्ध. सकाळी आई गावातल्या शेवटच्या नळाखाली बाटली धरायची आणि तिच्यात औषधाचे दोन थेंब टाकायची. पाणी पिवळं झालं की क्लोरीन पोचलं. ह्या तपासणीला सगळे 'ओटी टेस्ट' म्हणतात. त्यावरून बायका आईला रोज चिडवायच्या, "काय ओ, भरली का नळाची ओटी?"

खोलीची चावी आईच्या कमरेला असायची. तिच्या नावानं काही असलेली ती पहिलीच वस्तू असावी.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तर काटा अर्ध्यावरच अडकलेला. आमचं पाणी क्षाराचं. स्टीलच्या पट्टीवर चुन्यासारखा पांढरा थर बसला होता. तो पातळ ॲसिडमध्ये भिजवून काढायचा असतो. ॲसिड संपलं होतं.

"सोमवारी मिळंल," आई म्हणाली.

मी म्हणाले, "सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? शेतातली मोटर उलटी फिरायला लागली की आपण काय करतो? दोन वायरी बदलतो. इथं बी बदलू. प्रवाह उलटा झाला की थर सुटतो."

आमच्याकडे हे लहान लेकरालाही माहीत असतं. मोटर उलटी फिरली की वायरी बदला. शिवाय प्रवाहाची दिशा मी नुकतीच पुस्तकात शिकले होते, त्यामुळे माझ्या बोलण्याला जरा जास्तच धार होती.

आईनं विचारलं, "नक्की का?"

"व्हय गं. मी शिकते ना."

मी वायरी बदलल्या. थर खरंच सुटला. पापुद्रे गळून खाली पडताना बघून मला इतका आनंद झाला, की मी यंत्र संध्याकाळपर्यंत तसंच चालू ठेवलं. डब्यातलं पाणी चहासारखं लाल झालं तरी मला वाटलं, घाण निघते आहे.

घाण नव्हती ती. स्टीलची पट्टीच विरघळत होती. दुसऱ्या दिवशी वायरी सरळ केल्या, तेव्हा ती चाळणीसारखी झालेली. काळ्या पट्टीवर राखाडी चट्टे पडले होते, बोट फिरवलं की बोटाला काळं लागत होतं. काटा जेमतेम हलला.

ग्रामसेवक आले, सरपंच आले. ग्रामसेवकांनी विचारलं, "वायरीला हात कुणी लावला?"

मी तोंड उघडलं होतं. ते मी अजून विसरलेले नाही. उघडलं होतं, पण आवाज फुटला नाही. तेवढ्यात आई म्हणाली, "माझाच हात लागला साहेब." आणि तिनं कमरेची चावी काढून टेबलावर ठेवली.

घरी येताना मी विचारलं, "आई, खरं का नाही सांगितलंस?"

"तुझं कालेज हाय अजून. मला कोण परीक्षेला बसवणार हाय?"

त्यानंतर टाकीत टाकायला पुन्हा पूर्वीसारखी ब्लीचिंग पावडर आली. कधी जास्त पडायची, कधी पडायचीच नाही. आणि आईला नवीन नाव मिळालं, 'उलट्या वायरीची बाई'. ती हसून घ्यायची. मला हसू यायचं नाही.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सरांनी प्रकल्पाचा विषय विचारला. मी चाचरत म्हणाले, "सर, मिठाच्या पाण्यात टिकेल असा इलेक्ट्रोड." का, ते सांगितलं नाही. सरांनी मान डोलावली आणि मला दोन महिने वाचायला लावलं. तेव्हा कळलं, की मोठमोठ्या कारखान्यांत मिठाच्या पाण्यातून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा काढतात, तिथलाही जीव असाच एका पट्टीत असतो. आत टायटॅनियम धातू आणि वर रुथेनियमच्या ऑक्साइडचा थर. केसाहून पातळ. सगळं काम तो थर करतो, आणि तो गेला की आतला धातू नुसता बसून राहतो.

म्हणजे आमच्या काळ्या पट्टीचा आतला धातू शाबूत होता. गेला होता तो फक्त थर.

मी सरपंचांकडे गेले आणि ती जुनी काळी पट्टी मागितली. ते म्हणाले, "घेऊन जा बाई. पण ऐक, गुढीपाडव्याच्या आधी खोली रिकामी करायची हाय. तवर चाललं तर चाललं, न्हायतर सगळं भंगारात."

पट्टीवरचा जुना थर मी घासून काढला आणि ती ॲसिडमध्ये उकळली. धातू खरबरीत, मळकट झाला. मग रुथेनियमचं लालसर द्रावण कुंचल्यानं लावायचं, वाळवायचं आणि भट्टीत भाजायचं. कॉलेजात भट्टी एकच, आणि माझ्या वाट्याला आठवड्यातल्या दोन दुपारी. म्हणून मी हिशेब केला, की दहा-बारा पातळ थरांऐवजी तीन जाड थर देऊ. तेवढंच द्रावण, तेवढाच धातू. फरक काय पडणार?

पट्टी भट्टीतून बाहेर आली तेव्हा काळी कुळकुळीत चमकत होती. मी तिच्यावर चिकटपट्टी लावून ओढली. अर्धा थर चिकटपट्टीबरोबर निघून आला. भट्टी सांभाळणारे प्रयोगशाळेतले मामा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "ताई, हे तर आमच्या घरच्या भिंतीवानी झालं. पोपडा निघाला की."

तीनदा तसंच झालं. सूक्ष्मदर्शकाखाली थराला भेगा दिसत होत्या, उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या.

घटस्थापनेच्या आधी घराची साफसफाई असते, म्हणून गावी गेले. पुढचं घर फरशीचं झालं आहे, पण मागची खोली अजून मातीची. आई म्हणाली, "तेवढी सारवून घे." डोक्यात पट्टी होती, काम उरकायचं होतं. मी शेणकाल्याचा जाड थर ओढत सुटले.

"अगं, सारवतीस का लिंपतीस?" आई दारातून ओरडली. "उद्या सगळे पोपडे निघतील. सर बाजूला."

तिनं माझा थर खरवडून काढला. खालची जमीन हातानं चाचपली आणि जिथं गुळगुळीत लागली तिथं खुरप्यानं टोकरली. मग पाण्याचा शिपका मारला. "जाड हात वरून वाळतो, आत वला राहतो. मग तडकतो. पातळ हात मारायचा. वाळल्याबिगर दुसरा न्हाय. अन् एक हात आडवा, एक हात उभा. म्हंजी पयल्याच्या फटी दुसरा भरतो."

मी तशीच उभी राहिले. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. द्रावक उडून जाताना थर आकसतो, जाड थरात ताण साठतो, वगैरे. वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि तरीही तीन जाड हात मारले होते.

मी विचारलं, "आई, यंत्र चालवताना पट्टीचं अजून काय काय व्हायचं गं?"

तिनं हात न थांबवता सांगितलं, "शेवटाला मीठ संपत आलं की नुसता फेस यायचा, वास न्हाय. तवा मला वाटायचं, पट्टीला तरास व्हतोय."

धाराशिवला परतल्यावर सरांना म्हणाले, "सर, मीठ कमी पडलं की क्लोरीनऐवजी ऑक्सिजन जास्त निघतो. त्यानं रुथेनियम झिजतं. द्रावणात ते सोसणारं थोडं इरिडियम घालू का?"

"हे कुठे वाचलंस?"

"वाचलं असेन, सर. पण आई म्हणाली तेव्हा समजलं."

सर हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझ्या आईला अजून प्रश्न विचार."

मग द्रावणात इरिडियम घालून मी बारा पातळ हात दिले. दोन दुपारी पुरेनात, तेव्हा मामांनी आपली जेवणाची सुट्टी मागे-पुढे करून मला भट्टी मोकळी करून दिली. वहीत मी नोंदी करायचे, 'हात पहिला, आडवा. हात दुसरा, उभा.' सरांनी वही पाहिली आणि विचारलं, "हे 'हात' काय आहे?" मी घाईनं म्हणाले, "थर सर, खोडते." ते म्हणाले, "राहू दे. मराठीच आहे ते."

ह्या वेळी चिकटपट्टी कोरी निघाली. भेगा होत्याच, पण केसासारख्या बारीक, आणि एका हाताच्या भेगा दुसऱ्यानं झाकलेल्या.

खरी परीक्षा पुढे होती. त्याच बारा हातांचा एक छोटा तुकडा कडक मिठाच्या पाण्यात ठेवून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह सोडायचा, म्हणजे महिन्यांची झीज काही दिवसांत होते. थर खचला की लागणारा दाब, म्हणजे व्होल्टेज, चढत जातो. माझ्या जाड थराच्या तुकड्याचं व्होल्टेज दुसऱ्याच दिवशी चढलं होतं. ह्या तुकड्याचं आठवडाभर हललं नाही. दुसरा आठवडाही तसाच गेला. वहीच्या पानावर खालपर्यंत तोच आकडा. मला मीटरचा संशय आला, मीटर बदलला, तरी तेच. मामा वाकून बघत म्हणाले, "ताई, मेलाय काय काटा?"

"नाही मामा," मी म्हणाले, "पट्टी जिवंत आहे." आणि मला एकदम इतकं हसू आलं, की खाली बसावं लागलं.

पण एक गोष्ट मला टोचत होती. कितीही चांगला थर दिला तरी वायरी उलट्या लावल्या तर तो जाणारच. टिकाऊ म्हणजे काय? नुसती पाण्यात टिकणारी पट्टी, की माझ्यासारख्या शहाण्या माणसाच्या हातातही टिकणारी? मी वेल्डिंगच्या दुकानात गेले. स्टीलची नवीन पट्टी कापून घेतली आणि दोन्ही पट्ट्यांचे बोल्ट वेगळे करून घेतले, काळीचा चौकोनी, स्टीलचा जरा जाड, गोल. वायरींच्या टोकांची कडीही तशीच, एक चौकोनी, एक गोल. एका पट्टीचं कडं दुसरीच्या बोल्टावर बसणारच नाही.

पाडव्याला चार दिवस होते. खोलीसमोर सरपंच, ग्रामसेवक आणि गटातल्या बायका जमल्या. आई मागे उभी होती, पदर तोंडाशी धरून. मी पट्ट्या बसवल्या आणि मीठ ढवळायला आईला बोलावलं. ती पुढे आली तशी गर्दीतून एक जण म्हणाला, "बाईला वायरीपसून लांब ठिवा रे!" सगळे हसले.

मी हातातला पाना खाली ठेवला. मी म्हणाले, "वायरी आईनं उलट्या लावल्या नव्हत्या. म्या लावल्या होत्या. तिनं सोमवारपर्यंत थांब म्हणलं होतं. मीच शहाणपणा केला, अन् नाव तिच्यावर आलं."

मग ग्रामसेवक आईला म्हणाले, "मग तुम्ही तवा तसं का म्हणलात?"

"लेकीचा हात काय अन् माझा काय, एकच की," आई म्हणाली. "आता बटन दाबू का? मीठ कवाचं इरघळलंय."

तिनं बटण दाबलं. काटा उठला, मधली रेघ ओलांडून पार वर गेला आणि तिथंच थांबला. फेस आला. आणि मग तो वास. तीन वर्षांनी तो वास आला तेव्हा पुढे उभ्या बायका नाकाला पदर लावून हसायला लागल्या. सरपंच म्हणाले, "भंगारवाल्याला सांगा, येऊ नको म्हणावं." त्यांनी खिशातून चावी काढून आईपुढे धरली. आईनं ती आधी पदराला पुसली आणि मग कमरेला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या नळाची बाटली हळदीसारखी पिवळी झाली. शेजारची काकू तिथं घागर घेऊन उभी होती. ती ओरडली, "अगं, लेकीनं गावाची ओटी भरली बघा!" ह्या वेळी मलाही हसू आलं.

त्याला आता वर्ष होत आलं. पट्टी तीच आहे. मी पुढच्या संशोधनासाठी अर्ज केला आहे, होईल की नाही माहीत नाही. गेल्या सुट्टीत घरी गेले, तर आई खोलीत यंत्र बंद करून काहीतरी खटपट करत होती. जवळ जाऊन पाहिलं, तर ती दोन्ही वायरी काढून मुद्दाम उलट्या लावायला बघत होती. चौकोनी कडं गोल बोल्टावर ठेवलं, फिरवलं, दाबलं. बसेना.

तिनं वायर खाली सोडली आणि माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाली, "झ्याक. आता तुला बी जमायचं न्हाय."